चाचपणे म्हणजे चाल नव्हे : अंध खेळाडूंसाठीच्या टेक्स्ट गेमची प्रस्तावना

मध्य रेल्वेवर चिंचपोकळी आणि परळच्या मधे करी रोड स्टेशन आहे. पूर्वेला लालबाग, पश्चिमेला लोअर परळ. हे स्टेशन एखाद्या खेळात नुसत्या शब्दांनी उभे करायचे आहे आणि खेळणारी व्यक्ती ते स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, आवाजात ऐकणार आहे, असे समजू. पहिले वाक्य काय असावे?

डोळस लेखकाचा हात सहज पाटीकडे वळतो. मग गर्दी, तिचे रंग, वरचे आभाळ. जिना चौथ्या वाक्यात येतो आणि तोवर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागलेले नसते. आता हेच स्टेशन असे सांगून पाहू : ‘तुम्ही करी रोडच्या फलाटावर आलात. जिना समोर, दहा पावलांवर. मागच्या रुळांवरून फास्ट गाडी न थांबता धडधडत गेली. डावीकडून भाजलेल्या मिरचीचा वास येतोय.’ करी रोडला फास्ट गाड्या थांबत नाहीत आणि लालबागच्या मसाला बाजाराचा वास परिसरातल्या कुणालाही ओळखू येतो. त्यामुळे चार छोट्या वाक्यांत खेळाडूला वाट मिळाली आणि लालबाग कोणत्या अंगाला आहे हेही कळले. इथे वास सजावटीसाठी आलेला नाही, तो दिशा सांगतो आहे. पाटीचा रंग सांगायला हरकत नाही. अनेक अंध व्यक्तींना थोडे दिसते, अनेकांनी पूर्वी पाहिलेले असते आणि जन्मांध माणसाच्या भाषेतही रंग असतातच. मात्र आधी वाट, मग रंग.

टेक्स्ट गेमची रीत साधी आहे. गेम जागा सांगतो, खेळाडू ‘दार उघड’, ‘कंदील घे’ अशा आज्ञा टाइप करतो आणि गेम त्यांचा परिणाम पुन्हा शब्दांत सांगतो. 1970च्या दशकाच्या मध्यावर विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रामरने या प्रकारातला पहिला गाजलेला गेम लिहिला आणि 1977 साली डॉन वुड्सने त्यात मोठी भर घातली. क्राउदर गुहा धुंडाळणारा माणूस होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये तो स्वतः हिंडला होता आणि तिथल्या नकाशांच्या कामातही होता. तीच गुहा त्याने आपल्या मुलींसाठी खेळात आणली. नकाशे करणाऱ्या या माणसाने खेळात मात्र नकाशा दाखवला नाही, त्याने जागा सांगितली. अंधांचा विचार त्याच्या मनात असो-नसो, त्यांना जाता येईल अशी वाट तयार झाली. पुढे चित्रांचे गेम आले आणि टेक्स्ट गेमची दुकानदारी 1980च्या दशकाअखेर जवळजवळ संपली. तरीही हौशी लेखकांनी आणि अंध खेळाडूंनी हा प्रकार जिवंत ठेवला. 2006 साली दोन गोष्टी जुळून आल्या. ग्रॅहम नेल्सन यांच्या ‘इन्फॉर्म 7’ या प्रोग्रामिंग भाषेमुळे सरळ इंग्रजी वाक्यांत गेम लिहिता येऊ लागला. त्याच वर्षी मायकल करन यांनी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला आणि जेम्स तेह त्यात सामील झाले. हे दोघेही अंध आहेत. अंध व्यक्ती खेळू शकत होतीच, आता तिला गेम रचणेही सोपे झाले.

आपल्याकडे शब्दांनी खेळण्याच्या या विद्येचा सर्वात जवळचा आप्त कोण असे विचाराल, तर मी बुद्धिबळाकडे बोट दाखवीन. 1997 साली मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी अंध बुद्धिबळपटूंचा अखिल भारतीय महासंघ स्थापन केला. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात. प्रत्येक घराला भोक असते, त्यात सोंगटी रोवली जाते आणि एका रंगाच्या सोंगट्यांवर खूण असते. प्रत्येक चाल मोठ्याने सांगायची आणि समोरच्याने ती उच्चारून आपल्या पटावर करायची. या खेळातला एक नियम टेक्स्ट गेम लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून घ्यावा : सोंगटी भोकातून बाहेर काढली तरच तिला ‘स्पर्श’ झाला असे धरतात. तोवर सगळा पट बोटांनी कितीही वेळा चाचपावा, ती चाल होत नाही.

टेक्स्ट गेमने चाचपण्याचा हाच हक्क खेळाडूला द्यायचा असतो. ‘पुन्हा सांग’, ‘वाटा’, ‘हातात काय’, ‘ऐक’ या आज्ञा प्रत्येक जागी चालाव्यात आणि त्यांची किंमत शून्य असावी. विचारण्यात कंदिलाचे तेल संपू नये, राक्षस एक पाऊल पुढे येऊ नये. घड्याळ लावलेली कोडी टाळावीत, कारण डोळस माणूस परिच्छेदावरून नजर फिरवतो आणि ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते. अक्षरचिन्हांनी काढलेला नकाशा स्क्रीन रीडरमध्ये रेघा आणि टिंबांची बडबड होऊन बसतो. प्रत्येक उत्तराआधी जागेचे नाव आणि गुण पुन्हा वाचले गेले, तर दहाव्या मिनिटाला खेळाडू कंटाळतो. नवे तेवढेच आपोआप ऐकू यावे, बाकीचे विचारल्यावर.

मराठीत काम करणाऱ्याला यापुढची मेहनत स्वतःच करावी लागेल आणि ती फार आनंदाची आहे. विभक्ती आपल्या मदतीला येते : ‘किल्लीने कुलूप उघड’ आणि ‘कुलूप किल्लीने उघड’ यांतला ‘ने’ साधन कोणते ते सांगून टाकतो, शब्दांचा क्रम कसाही असो. सामान्यरूप मात्र परीक्षा घेते. ‘घोड्यावर’मधला प्रत्यय नुसता छाटला तर ‘घोड्या’ उरतो, ‘घोडा’ सापडत नाही. एकटा ‘वर’ जिना चढवतो, ‘टेबलावर’मधला चढवत नाही. इंग्रजी गेमला कधीच न पडलेला प्रश्न आपल्याला पहिल्याच वाक्यात पडतो : ‘तू आलास’ की ‘तू आलीस’? वरच्या नमुन्यात ‘तुम्ही आलात’ आहे ते याचसाठी, ते दोघांनाही चालते.

मग उच्चार येतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतला ज वेगळा आहे. लिपी तो दाखवत नाही, म्हणून यंत्राचा आवाजही चुकू शकतो. कोड्याचे उत्तर अशा शब्दावर टांगू नये. तसेच कानांनी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येतोच असे नाही. ‘खिडकी’ची ‘खीडकी’ झाली म्हणून दार अडवणे अन्यायाचे. शुद्धलेखनाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण खेळ ही त्याची परीक्षा घेण्याची जागा नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात कलम 29 संस्कृती आणि मनोरंजनासाठी आहे. मनोरंजन हा हक्क मानला गेला आहे, उपकार नव्हे. म्हणून अंध व्यक्तीला गेम पूर्ण झाल्यावर चाचणीपुरते बोलावू नका. तिच्यासोबत पहिली खोली लिहा. डोळे मिटून स्वतःच तपासणे पुरत नाही, कारण डोळे मिटलेला माणूस अंधारात नवखा असतो आणि ती तिथली रहिवासी असते.

सुरुवात लहान ठेवा : तुमच्या ओळखीचा एक फलाट, एक जिना, एक वास. ते तिच्या हाती द्या आणि तुमच्या गेमला न समजलेली तिची प्रत्येक आज्ञा लिहून ठेवा. त्या यादीत तिला चाचपायचे होते आणि तुम्ही पटावर ठेवायचे विसरलात, ते सगळे असेल. दुसरा खर्डा तिथूनच लिहायला घ्या.