बोर्डी-कोसबाडची बालवाडी आणि पालकांचा पक्ष

शिक्षणसंस्थांचे इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांच्या अनुषंगानें लिहिले जातात. हें स्वाभाविकही आहे. कारण लिहिणारा शिक्षक असतो, कागद जपणारी संस्था असते, आणि ज्यांनीं आपलें मूल शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडलें, किंवा मुळींच सोडलें नाहीं, त्या आईबापांच्या हातीं लेखणी नसते. पूर्वीच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून ज्यास पालघर जिल्हा म्हणतात त्या प्रदेशांत, बालशिक्षणाचा जो प्रयोग बोर्डी येथें सुरू होऊन पुढें कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावला, त्याची कथाही ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कर्तृत्वाची कथा म्हणूनच सांगितली जाते. त्या कर्तृत्वास उणेपणा आणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या प्रयोगानें जीं निरनिराळीं रूपें घेतलीं, त्यांतील बहुतेक पालकांच्या नकारास दिलेल्या उत्तरांतून निघालीं, आणि तो नकार अडाणीपणाचा नसून हिशेबाचा होता, असें आमचें मत आहे. तें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

येथें साधनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अनुताईंच्या लेखनांत, विशेषत: ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनांत, संस्थेची हकीकत आहे, पण ती शिक्षिकेच्या बाजूची आहे. पालकांची बाजू जाणून घेण्यास एक मार्ग उरतो. संस्थेनें आपल्या पद्धतींत वेळोवेळीं जे फेरफार केले, ते कां करावे लागले हें विचारावें. ओढ्यानें वळण कोठें घेतलें हें पाण्यावरून दिसतें; तें कां घेतलें हें समजण्यास कांठचा खडक पाहावा लागतो.

१. मूळ रोप

बालशिक्षणाच्या या पद्धतीचें मूळ इटलींतील आहे. ६ जानेवारी १९०७ रोजीं मारिया माँटेसरी यांनीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. घरें बांधून भाड्यानें देणाऱ्या एका कंपनीच्या चाळींत तें होतें. आईबाप कामावर गेल्यावर मागें राहिलेलीं मुलें भिंती व जिने खराब करीत, म्हणून कंपनीनें हा खटाटोप केला होता. त्या बालगृहाचे नियम पालकांसाठीं लावून ठेविले होते. मुलास स्वच्छ करून ठरल्या वेळीं पाठवावें, आठवड्यांतून एकदां तरी आईनें शिक्षिकेस भेटावें, आणि मूल अस्वच्छ येऊं लागल्यास त्याचें नांव काढून टाकावें, असा त्यांचा आशय होता. वाचकांनीं हे नियम ध्यानांत ठेवावे; पुढें त्यांचें काम पडणार आहे.

हिंदुस्थानांत या पद्धतीस देशी रूप देण्याचें काम भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं केलें. ताराबाई १९२३ सालीं त्यांस येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३३ पासून ‘शिक्षणपत्रिका’ मराठींत निघूं लागली, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार उघडला. दादरचा पालक मध्यमवर्गीय होता. त्याचें मूल न्हाऊनमाखून येई, बरोबर डबा असे, आणि आई बहुधा घरीं असे. अशा पालकास पटवून द्यावयाचें तें इतकेंच कीं, मुलास धाक न दाखवितां, अक्षरांची घाई न करितां वाढूं द्यावें. हा वाद पद्धतीचा होता. मुलाच्या वेळेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेथें उत्पन्नच होत नव्हता.

२. १९४५ सालचा मुलूख

१९४५ च्या जानेवारींत सेवाग्राम येथील परिषदेंत नयी तालीमेचें क्षेत्र वाढवून तींत सात वर्षांखालील मुलांचाही विचार करण्यांत आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ताराबाईंनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें, आणि अनुताई तेथें त्यांच्या हाताखालीं काम करूं लागल्या. बोर्डी हें समुद्रकांठचें, बागायतीचें गांव. १९२० पासून तेथें गोखले एज्युकेशन सोसायटीचें हायस्कूल होतें. गांवांत शिक्षणाची आवड होती. परंतु पूर्वेस दोनचार कोस गेलें कीं देखावा पालटे.

त्या जंगलपट्टींत वारली व इतर आदिवासी यांची वस्ती, आणि जमीन व जंगलाचा ठेका दुसऱ्यांच्या हातीं. लग्नासाठीं सावकाराकडून रक्कम उचलावी आणि तिच्या फेडीपायीं नवराबायको दोघांनींही वर्षानुवर्षें त्याच्या घरीं राबावें, अशा लग्नगड्याची तेथें रूढि होती. वेठ तर निराळीच. १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें परिषद भरून वेठीविरुद्ध चळवळ सुरू झाली. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला तेव्हां पांचशें रत्तल गवतास अडीच रुपये मजुरीची मागणी झाली, आणि ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमावावर गोळीबार होऊन माणसें मेलीं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या गोदावरीबाईंच्या ग्रंथांत ती हकीकत आहे.

या दोन घटना एकाच वर्षाच्या, एकाच टापूंतील आहेत. पण शिक्षणाचा इतिहास लिहिणारा पहिलीचा विचार करीत नाहीं आणि चळवळीचा इतिहास लिहिणारा दुसरीचा. आमच्या मतें त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. ज्या घरीं बापाचा दिवस त्याच्या स्वत:च्या मालकीचा नाहीं, त्या घरीं मुलाचा दिवस मोकळा कोठून असणार? सहा वर्षांचा मुलगा गुरांमागें जातो, आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन हिंडते, तेव्हां कोठें आई कामावर जाऊं शकते. अशा आईस ‘मूल शाळेंत धाडा’ असें सांगणें म्हणजे तिच्या मजुरीचा कांहीं भाग सोडावयास सांगणें होय. तिनें ‘नाहीं’ म्हटलें तर त्यांत नवल कोणतें?

३. नकार आणि त्याचें उत्तर

आतां संस्थेंतील फेरफार एकेक करून पाहूं.

पहिला फेरफार स्नानाचा. रोममध्यें मुलास स्वच्छ करून पाठविण्याची जबाबदारी पालकावर होती आणि कसूर झाल्यास नांव कमी होण्याची शिक्षा होती. बोर्डीस हा नियम लावला असता तर बालवाडी एका आठवड्यांत ओस पडती. जेथें पाणी लांबून डोक्यावर आणावयाचें आणि पहांटेस कामावर निघावयाचें, तेथें आईस हा दंड भरणें शक्य नव्हतें. म्हणून हातपाय धुणें, नखें काढणें, केस विंचरणें हीं कामें शिक्षिकांनीं आपल्याकडे घेतलीं आणि तींच दिवसाचा पहिला पाठ ठरलीं. पालकावरील अट काढून टाकून तिचा अभ्यासक्रमांत समावेश करणें, ही गोष्ट दिसण्यास लहान, पण तत्त्वत: फार मोठी आहे.

दुसरा फेरफार अंगणाचा. एका ठिकाणीं इमारत, तेथें साहित्य आणि ठरलेली वेळ, अशी मध्यवर्ती बालवाडी प्रथम कल्पिलेली होती. सर्व वस्त्यांतील मुलें तेथें येईनात. कोठें अंतराची अडचण, कोठें जातिभेदाचा संकोच, कोठें पोंचविण्यास मोठें माणूस नाहीं. तेव्हां शिक्षिकाच वस्तींत जाऊं लागल्या, आणि एखाद्या घरापुढील सारवलेल्या अंगणांत दोन घटका मुलें जमवूं लागल्या. हीच अंगणवाडी. या पद्धतींत पालक पाहुणा राहात नाहीं, यजमान होतो. अंगण त्याचें, झाडाची सावली त्याची, आणि दारांत बसून शिक्षिका काय करिते हें पाहण्याचा अधिकारही त्याचाच. साहित्यही पालटलें. माँटेसरी पद्धतीचीं मौल्यवान साधनें दूर ठेवून शंखशिंपले, बिया, खडे, पानें, काड्या यांवर गणन व रंगज्ञान होऊं लागलें. आपल्याच परड्यांतील वस्तूंनीं मूल शिकत आहे हें आईस दिसूं लागलें.

तिसरा व चौथा फेरफार कोसबाडचे. १९५७ सालीं कार्य तेथें गेलें आणि प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण आतां समोर आदिवासी पालकच होते. मोठी मुलगी शाळेंत यावयाची तर कडेवरच्या मुलाचें काय, या प्रश्नास पाळणाघर हें उत्तर मिळालें. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेल्या या योजनेस विकासवाडी असें नांव होतें. बहीण तान्ह्यास पाळण्यांत ठेवी, मधल्या भावास बालवाडींत सोडी आणि स्वत: वर्गांत जाई. गुराख्याचा प्रश्न तरी राहिलाच; म्हणून शिक्षक गुरांच्या मागें माळावर गेले आणि कुरणशाळा निघाली. आईबापांनीं गुरें सोडलीं नाहींत; शाळेनें इमारत सोडली.

४. एका आक्षेपाचा विचार

यावर असा आक्षेप येईल कीं, हें सर्व द्रव्याच्या अभावामुळें व गांधीजींच्या ग्रामसेवेच्या कल्पनेमुळें घडलें. त्याचें श्रेय पालकांकडे ओढून नेणें ही कल्पकता झाली. आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अपुरें आहे. द्रव्याच्या अभावानें साहित्य स्वस्त होईल. शाळा माळावर जाणार नाहीं. ग्रामसेवेच्या कल्पनेनें शिक्षिका गांवांत येईल. बालवाडीस पाळणा जोडला जाणार नाहीं. पाळणा व कुरण हीं दोन उत्तरें इतकीं नेमकीं आहेत कीं, त्यांमागील प्रश्न कोणीतरी तितक्याच नेमकेपणानें विचारला असला पाहिजे. तो विचारणारे पालकच होते. मग तो त्यांनीं शब्दांनीं विचारलेला असो वा मूल न पाठवून. संस्थापिकांचा मोठेपणा हाच कीं, त्यांनीं तो नकार ऐकला. गैरहजेरीचें पत्रक भरून त्या थांबल्या नाहींत.

५. नांव उरलें, मर्म कोठें?

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. ताराबाई १९७३ सालींच निवर्तल्या होत्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या व त्यांनीं हा विस्तार पाहिला. या योजनेनें कोट्यवधि मुलांस आहार व लशी पोंचविल्या, हें निर्विवाद आहे. परंतु अंगणवाडी दिवसाचे थोडेच तास चाले. आईच्या कामाचे तास तिच्या बाहेर राहिले. म्हणजे बोर्डीचें अंगण देशभर गेलें, पण कोसबाडचा पाळणा मागें राहिला.

या उणीवेचें प्रत्यंतर त्याच किनाऱ्यावर, दक्षिणेस बोईसर-तारापूर येथें मिळतें. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें, त्यानंतरच्या काळांत बोईसरला लागून मोठें औद्योगिक क्षेत्र वसलें. २०१३ सालीं मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत येऊं लागल्या. येथील पालक सावकाराच्या नव्हे, तर पाळीच्या व गाडीच्या वेळेनें बांधलेला. १९४८ च्या कारखाना कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर आवश्यक केलें, व १९७६ सालीं हा आंकडा तीसवर आणला. पण त्यांत मोजल्या जात त्या स्त्रियाच. बापासही मूल असतें हें त्या हिशेबांत नव्हतें. २०१७ च्या दुरुस्तीनें मातृत्वलाभ कायद्यांत पन्नास कामगारांची, स्त्रीपुरुष न पाहतां, मर्यादा आली, आणि आईस दिवसांतून चार वेळां मुलास भेटण्याची मुभा मिळाली. २०२२ सालीं केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेंत अंगणवाडीसच पाळणाघर जोडण्याचें ठरलें. ज्यास नवी कल्पना म्हणून पुढें केलें गेलें, तें कोसबाडच्या टेकडीवर पालकांच्या अडचणींतून कित्येक दशकें आधींच सिद्ध झालेलें होतें.

वरील विवेचनावरून आमचा निष्कर्ष असा: या प्रदेशाच्या इतिहासांत बालवाडी टिकली ती पालकांस शहाणें केल्यामुळें नव्हे, तर पालकांचा दिवस कसा जातो हें शिकून घेतल्यामुळें. बालसंगोपनाच्या कोणत्याही केंद्राचा इतिहास लिहितांना पटावरील नांवें मोजावीं. पण जीं मुलें आलीं नाहींत त्यांच्या आईबापांचें म्हणणें काय होतें, हें आधीं शोधावें. अनुताईंबरोबर काम केलेल्या शिक्षिका, आणि ज्यांच्या अंगणांत ती वाडी भरे अशा घरांतील वृद्ध स्त्रिया, यांच्या आठवणी बोर्डी व कोसबाडच्या परिसरांत अद्याप मिळूं शकतील. त्या त्यांच्याच बोलींत टिपून घेण्याचें काम अभ्यासकांनीं विनाविलंब हातीं घ्यावें. कागद थांबतो, माणूस थांबत नाहीं.