मलबारच्या हिरव्या पाण्याची हकीकत

नोकरीनिमित्त कालिकतच्या बाजूस राहिलेल्या आपल्यापैकी काहींनी हा देखावा पाहिला असेल. पावसाचा जोर ओसरतो, लख्ख ऊन पडते, समुद्र निवांत होतो. आणि एखाद्या वर्षी किनाऱ्यालगतचे पाणी एकाएकी हिरवे होऊन मेलेल्या माशांचा खच वाळूवर येऊन पडतो. कोळ्याच्या घरची चूल त्या दिवशी पेटेलच असे नाही.

मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ साली अशा मत्स्यसंहारावर निबंध लिहून त्याचे खापर एका सूक्ष्म एकपेशीय जीवावर फोडले. पुढे १९५४ मध्ये आर. सुब्रह्मण्यन् यांनी मलबारच्या पाण्यातील अशाच एका घातक जीवाचे सविस्तर वर्णन केले व पूर्वसूरींचे स्मरण ठेवून त्यास 'हॉर्नेलिया मरीना' हे नाव दिले. १९८२ साली हारा व चिहारा या जपानी शास्त्रज्ञांनी तो 'चॅटोनेला' या प्रजातीत घातला आणि हॉर्नेल यांचे नाव त्यातून गळाले.

जपानी शास्त्रज्ञांच्या आस्थेला कारणही तसेच होते. १९७२ साली तेथील सेतो अंतर्समुद्रात चॅटोनेलाच माजला आणि जोपासलेले सुमारे १ कोटी ४० लाख मासे गुदमरून मेले. हा जीव माशांच्या कल्ल्यांवरच घाला घालतो.

मग ही पीडा मलबारहून जपानला गेली काय? तारखांचा क्रम पाहता तसे म्हणण्याचा मोह होतो. पण येथेच सावध राहावयास हवे. या जीवाची बीजे तळच्या गाळात निद्रिस्त राहतात व अनुकूल ऋतूत जागी होतात. अशा काही जीवांची बीजे जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून दूरच्या बंदरांत पोचू शकतात, हे खरे. म्हणूनच त्या पाण्याविषयी २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला व २०१७ पासून तो अंमलात आला. परंतु प्रवास शक्य असणे निराळे आणि तो घडल्याचे सिद्ध होणे निराळे.

दप्तरात हयात घालवलेल्या आपणांस हे सांगणे न लगे. फाइलीतील पहिला कागद म्हणजे प्रकरणाचा आरंभ नव्हे. कोणीतरी प्रथम लक्ष दिले, एवढाच त्याचा अर्थ. मलबारच्या किनाऱ्याकडे आरोपी म्हणून नव्हे, तर पहिला साक्षीदार म्हणून पाहणे न्यायाचे होईल.