सशामागे कुत्री की बंदूक? आमच्या घरातला एक जुना वाद



मागच्या रविवारी नातवाने मोबाईलवर मुधोळ कुत्र्याचा एक व्हिडिओ दाखवला. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, आणि पळताना चारही पाय जमिनीवरून सुटलेले. म्हणाला, "आजोबा, तुमच्या गावी असली कुत्री होती ना? ती काय करायची?"

मी म्हटलं, "ससे धरायची."

पोराचा चेहरा उतरला. "म्हणजे जिवंत फाडायची? त्यापेक्षा बंदूक बरी की. पटकन मरतो तरी."

मी जरा दचकलोच. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आमच्या घराच्या सोप्यात मी १९६३ साली ऐकलं होतं. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या वादात माझाही एक वाटा होता आणि तो मी आजवर घरातही कुणाला सांगितलेला नाही. म्हणून हे लिहितोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव चिकोडी तालुक्यातलं, माळावरचं. माझा जन्म १९५१ चा, म्हणजे मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला घरातून न हलता आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. त्यावर या समूहात भरपूर लिहून झालंय, आज तो विषय नको.

आधी सशाबद्दल दोन शब्द. माळावरचा ससा म्हणजे पिंजऱ्यातला पांढरा ससा नव्हे. हा मातकट रंगाचा, मानेवर मागे काळा पट्टा. हा बीळ करत नाही. ढेकळाच्या नाहीतर झुडपाच्या आडोशाला अंगापुरता खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो. पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडी असतात, कारण लपायला घर नाही. जीव वाचवायला त्याच्याकडे दोनच गोष्टी : गप्प बसणं आणि पळणं. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

आमच्या आजोबांकडे कुत्र्यांची जोडी होती, बिजली आणि मोती. या जातीला मुधोळ कुत्रा हे नाव सगळीकडे नंतर रूढ झालं. आपल्याकडे जुने लोक कारवान म्हणत, आणि कानाशेपटीला लांब केस असतील तर पश्मी. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, आज बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात नीट जोपासली, आणि एक जोडी इंग्लंडला पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली असं सांगतात. पण राजांच्या आधीही ही कुत्री त्या मुलखातल्या बेडरांकडे आणि धनगरांकडे होतीच. राजवाड्यात ती हौस होती, माळावर ती भाकरीबरोबरचं कालवण होती.

शिकार असायची शाळू काढून झाल्यावर. रानं मोकळी व्हायची तेव्हापासून मृगाच्या पावसापर्यंत. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं. आम्ही पोरं काठ्या घेऊन ओळीने चालायचो. आजोबा मध्ये, दोन्ही कुत्र्यांच्या गळपट्ट्यातून ओवलेली एकच दोरी हातात, एक टोक मोकळं. ससा अगदी पायाखालून उठायचा. "उठला!" अशी आरोळी पडली की आजोबा चार पावलं त्याला जाऊ द्यायचे आणि मग दोरीचं टोक सोडायचे.

ही कुत्री वासावर नाही, नजरेवर धावतात. सरळ धावेत ससा त्यांच्यापुढे टिकत नाही. पण तो सरळ धावतच नाही. कुत्रं अंगाशी आलं की जागच्या जागी वळतो, आणि कुत्रं आपल्याच वेगाने पुढे निघून जातं. म्हणून जोडी लागते. एक मागे लागतं, दुसरं वळण कापतं. दोनतीन मिनिटांत निकाल. ससा सापडला तर सापडला. फड्या निवडुंगात किंवा ओढ्यापार गेला की आजोबा शीळ घालून कुत्री मागे बोलवायचे. म्हणायचे, "गेला तो देवाचा."

आता इथे मला खरं सांगायला पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना आपल्या आजोबांची शिकारसुद्धा पूजेसारखी वाटायला लागते. ती तशी नव्हती. ससा धरला जातो तेव्हा ओरडतो, आणि तो आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा असतो. दोन्ही कुत्री एकदम पोचली तर ओढाताण होते. आजोबा गुडघे दुखत असताना धावायचे ते त्याची मान लवकर मोडावी म्हणून, पण तितक्यात जे व्हायचं ते होऊन जायचं. आणि कुत्र्याला नर-मादी, गाभण-बिगरगाभण कळत नाही. उलट गाभण मादी जड असते, तीच आधी सापडते. माझी आजी सशाचं कालवण करायची, पण स्वतः कधी खायची नाही. तिने तो आवाज एकदा ऐकला होता.

माझे धाकटे काका मराठा रेजिमेंटमधून पेन्शनवर घरी आले आणि त्यांनी बारा बोअरची एकनळी बंदूक घेतली. परवान्यावर कारण लिहिलं होतं पीक संरक्षण. सोप्यात वाद सुरू झाला तो तेव्हापासून.

काका म्हणायचे, "आबा, तुमची कुत्री जिवंत जनावर फाडतात. माझा ससा कळायच्या आत मरतो."

आजोबा म्हणायचे, "तुझ्या सशाला पळायला कोण देतंय?"

दोघंही आपापल्या जागी खरे होते. पण या वादाला आणखी एक बाजू होती, ती मला पुष्कळ नंतर समजली. आपल्या मुलखात बंदूक कुणाच्या हातात असावी हा सरकारचा प्रश्न होता. १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारं जमा करण्याचा कायदा लावला, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला. फौज आली, गाव जाळलं, आणि त्या डिसेंबरात एकोणीस जणांना फाशी दिलं. कन्नडमध्ये त्यांच्यावरची लावणी आजही गातात. पुढे १८७८ च्या हत्यार कायद्याने परवाना पक्का झाला. बंदूक देसायाच्या, इनामदाराच्या, साहेबाच्या भिंतीवर. ज्यांचं पिढीजात पोट शिकारीवर, त्यांच्याकडे उरली जाळी, काठी आणि कुत्रं. कुत्र्याला परवाना लागत नव्हता. आजोबांना बंदुकीचा राग होता त्यात दयेचा भाग किती आणि हा जुना भाग किती, ते मला आज सांगता येणार नाही.

आता १९६३ ची ती रात्र.

तालुक्याच्या गावातल्या एका ठेकेदाराने लष्कराची जुनी जीप घेतली होती. काका, ठेकेदार आणि त्याचा ड्रायव्हर रात्री माळावर निघाले. मी हट्ट केला, काकांनी नेलं. माझ्या हातात पाच सेलची बॅटरी दिली. मी केवढा खूश होतो!

रात्री ससे चरायला बाहेर असतात. झोत डोळ्यांवर पडला की ससा पळत नाही, गप्प बसतो. डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. मी झोत धरायचा, काकांनी बार काढायचा. त्यात कसली शिकार आणि कसला नेम! लोक समजतात बंदुकीतून एक गोळी जाते. बारा बोअरच्या काडतुसात बारीक छर्रे असतात, दोनशेच्या आसपास. पुढे जातील तसे ते पसरतात. तीस-पस्तीस पावलांच्या आत ससा जागीच पडतो, काका म्हणायचे तसा. त्यापुढे मात्र दोनचार छर्रे लागतात, ससा उडी मारतो आणि अंधारात नाहीसा होतो. त्याला शोधायला कुणी उतरत नाही, कारण पुढे दुसरे डोळे चमकत असतात.

त्या रात्री जीपमध्ये अकरा ससे पडले. आजोबांच्या कुत्र्यांना सबंध मोसमात पंधरा मिळाले तर खूप.

पहाटे अंगणात आजोबा दात घासत होते. त्यांनी विचारलं, "बाळ, किती झाले?"

मी म्हटलं, "चार."

का खोटं बोललो? काकांना सांभाळायला नव्हे. अकरा म्हणायची मला लाज वाटली. बाकीचे सात ठेकेदाराबरोबर गेले होते, त्यामुळे घरात चारच दिसत होते. खोटं पचलं असतं.

पण त्याच दिवशी उजाडल्यावर आजोबा कुत्री घेऊन माळावर गेले. मीही मागे गेलो. तासाभरात बिजलीने करवंदीच्या जाळीतून एक मेलेला ससा ओढून काढला, अंगावर छर्रे. पुढे मोतीने दुसरा धरला, तो पळालाच नाही. मागचा पाय मोडलेला, जिवंत. ओरडलासुद्धा नाही. आजोबांनी त्याची मान मोडली, हातात धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "हा कुणाच्या हिशेबात धरायचा?"

एवढंच. रागावले नाहीत. पण त्यानंतर काका आणि आजोबा एका पंगतीला बसले ते थेट माझ्या बहिणीच्या लग्नात, चार वर्षांनी. आणि आजोबांनी पुढचे दोन मोसम त्या बाजूच्या माळावर कुत्री नेली नाहीत. "माळाला दम खाऊ दे," म्हणाले.

मी पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, सदतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आजोबांचा तो प्रश्न कुठल्याच वहीत बसला नाही. पण हिशेबाच्या सवयीने एक गोष्ट मला दिसली. घरातला वाद सशाला दुखतं किती यावर चालला होता. तेवढंच पाहिलं तर काकांचा चांगला बार कुत्र्यांपेक्षा बरा होता, हे मान्य केलं पाहिजे. फरक होता मर्यादेचा. कुत्रं दमतं. सकाळी दोनतीन धावा झाल्या की जीभ बाहेर, पाय काट्यांनी फाटलेले. उभ्या पिकात त्याला धावता येत नाही, पावसात चालत नाही. आमचा मोती तर सशामागे बांधाच्या दगडावर आदळून मेला. थांबायचं कधी हे कुत्र्याचा दमच ठरवायचा. बंदुकीला दम लागत नाही. तिला जीप आणि बॅटरी जोडली की थांबायचं कधी हे फक्त माणसाच्या मनावर राहतं. आणि रात्री बारा वाजता जीपमध्ये बसलेल्या माणसाचं मन काय असतं ते मी पाहिलंय, झोत माझ्याच हातात होता. स्वातंत्र्यानंतरच्या वीसपंचवीस वर्षांत माळरानं रिकामी झाली त्यात या जीपा आणि पीक संरक्षणाच्या बंदुका यांचा मोठा हात आहे.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, मारण्यासाठी हाकणंसुद्धा शिकारच. म्हणजे आजोबा आणि काका दोघंही एकाच कलमात बसले.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे गेलो तेव्हा कळलं की हाच वाद तिथे पार्लमेंटमध्ये झाला. तिथे कुत्र्यांच्या जोडीमागे सशाच्या स्पर्धा होत, त्यातली वॉटर्लू कप १८३६ पासून चालू होती. गुण ससा मारण्यापेक्षा त्याला वळवण्याला जास्त. २००५ च्या फेब्रुवारीत कायदा लागू झाला आणि त्या स्पर्धा बंद पडल्या. पण तिथे बंदुकीने रानससा मारायला आजही मुभा आहे, आणि बिळातले छोटे ससे जागामालकाच्या परवानगीने कुत्र्यांनी धरलेले चालतात! म्हणजे त्यांनी काकांचं म्हणणं उचललं. आपण दोघांचंही उचललं नाही. माझं मत विचाराल तर आपण बरोबर केलं. त्याच २००५ साली आपल्या टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं. आता मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांचं सरकारी केंद्र आहे, सैन्यातही ती गेली आहेत.

काकांची बंदूक शेवटपर्यंत होती. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. काका वारल्यावर आम्ही ती कायमची जमा केली. त्याच संध्याकाळी काकी म्हणाल्या, "त्या जीपच्या रात्रीनंतर ह्यांनी सशावर कधी बार काढला नाही." मला हे चाळीस वर्षं माहीत नव्हतं. आजोबांना माहीत होतं का, ते विचारायला आजोबा उरले नव्हते.

नातवाला मी हे सगळं सांगितलं. अकरा आणि चार, तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, "मग त्या माळावर आता ससे आहेत?" खरं सांगायचं तर माळच राहिला नाही, सगळा ऊस आहे. पुढच्या महिन्यात त्याला घेऊन गावी जाणार आहे. बांधाबांधाने पहाटे चालू. एखादा उठला तर उठला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी कुत्री होती का? निपाणी, गोकाक, जमखंडीकडच्या मंडळींनी जरूर लिहावं. फोटो असेल तर उत्तमच.