मलकापूरहून हातुईला

साल 1980. मलकापूरच्या फलाटावर तुम्ही नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाडीत चढता. नांदुरा, जलंब, शेगाव मागे पडतं. शेजारची मावशी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगत असते: भर उन्हात खडी फोडलेली, कामावर सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी. नीट ऐकून घ्या, पुढे लागेल.

आता तुम्ही थेट मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’ या बंगाली चित्रपटात उतरता. 7 सप्टेंबर. हातुई नावाच्या गावात कलकत्त्याची सिनेमावाली मंडळी आली आहेत, 1943 च्या दुष्काळावर चित्रपट काढायला. तेव्हा बंगालमध्ये तीसेक लाख माणसं मेली. युद्ध चालू होतं आणि तांदळाचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला होता.

जुन्या पडक्या वाड्यात मंडळींचा मुक्काम आहे. त्यांच्यात आपली स्मिता पाटील, शिरपूरच्या पाटलांची लेक, वय पंचविशीच्या आत. चित्रपटात ती स्वतःच्याच नावानं वावरते. उपाशी माणसांचे फोटो एकेक करून दाखवते आणि सोबत्यांना विचारते, हे कुठल्या सालचं? तेही चुकतात, तुम्हीही चुकता. फासळ्या बघून साल सांगता येत नाही.

चित्रीकरण सुरू होतं. स्मिता आता 1943 ची भुकेली बायको आहे, अब्रू देऊन तांदूळ घरी आणलेली. नवरा पिसाळतो. बघ्यांतून अचानक किंकाळी येते, दुर्गाची. ही गावातली बाई, श्रीला मजुमदार यांनी साकारलेली. घरी अपंग नवरा आणि तान्हं पोर, म्हणून ती या मंडळींची कामं करते. स्मिता तिच्याकडे बघते, तो चेहरा तुम्ही बघा. ‘कट’ म्हटल्यावर जिची भूक संपते, अशी नटी जिची भूक संपत नाही अशा बाईसमोर उभी आहे.

इकडे मंडळींच्या खरेदीनं बाजार महागतो, गाव कुरकुरतं, चित्रीकरण गुंडाळावं लागतं. गाड्या कलकत्त्याला परततात. दुर्गाचं पोर मरतं.

‘भूमिका’ आणि ‘उंबरठा’मधली स्मिता आपण डोक्यावर घेतली, ते योग्यच. पण माझ्या मते तिची सगळ्यात अवघड भूमिका हीच, कारण इथं तिला दुसऱ्या कुणाच्या नावाआड लपायला जागा नव्हती. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, 1981 मध्ये बर्लिनला रौप्य अस्वलही. घरात बहात्तर पाहिलेलं कुणी असेल, तर त्यांना शेजारी बसवून तो बघा.