फर्ग्युसन महाविद्यालयाचा स्थापनाकाळ

फर्ग्युसन महाविद्यालय हे पुण्यातील कला व विज्ञान शाखांचे महाविद्यालय असून डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते २ जानेवारी १८८५ रोजी सुरू केले. हा लेख महाविद्यालयाच्या आरंभीच्या सुमारे दोन दशकांविषयी आहे. या काळात महाविद्यालय दोन आधारांवर उभे राहिले. पहिला आधार संस्थानिक, अधिकारी व नागरिक यांनी दिलेल्या देणग्यांचा, तर दुसरा अल्प वेतनावर वीस वर्षे काम करण्याचे वचन देणाऱ्या अध्यापकांचा होता.

पार्श्वभूमी

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर हे त्यांना लवकरच येऊन मिळाले. शिक्षण स्वस्त असावे आणि त्याची सूत्रे एतद्देशीयांच्या हाती असावीत, हा या मंडळींचा हेतू होता. मॅट्रिकच्या परीक्षेतील यशामुळे शाळेचे नाव अल्पावधीत झाले. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनीही शाळेच्या कामाची प्रशंसा केली. चिपळूणकर यांचे मात्र त्याच वर्षी मार्च महिन्यात निधन झाले.

शाळेचे यश पाहून उच्च शिक्षणाची सोय करण्याचा विचार पुढे आला. महाविद्यालय चालवायचे तर देणग्या घेणारी आणि त्यांचा हिशेब देणारी रीतसर संस्था हवी होती. त्यासाठी २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली.

देणग्या

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी संस्थेस १,२०० रुपये दिले व महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. महाविद्यालयाचे उद्घाटन एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांच्या हस्ते झाले. आरंभीचे वर्ग शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात भरत असत.

निधी जमवण्याच्या कामात नामजोशी अग्रेसर होते. दक्षिणेतील मराठी संस्थानांमध्ये हिंडून त्यांनी संस्थेसाठी आश्रय मिळवला. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी हे काम अंगावर घेतले. अध्यापन व संस्थेचे चिटणीसपद सांभाळून ते सुटीच्या दिवसांत इमारत निधीसाठी गावोगाव फिरत. दारोदार जाताना अपमानाचे प्रसंगही त्यांच्या वाट्याला आले. १८९० च्या दशकात भांबुर्डे शिवारात, टेकडीच्या पायथ्याशी महाविद्यालयाची स्वतंत्र वास्तू उभी राहिली, ती अशा लहानमोठ्या रकमांतून.

आजीव सदस्य

संस्थेच्या घटनेत आजीव सदस्य हा वर्ग महत्त्वाचा होता. अशा सदस्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन द्यावयाचे होते. वेतन दरमहा ७५ रुपये ठरले होते. सरकारी नोकरीत त्याच पात्रतेच्या माणसाला यापेक्षा पुष्कळ अधिक मिळू शकत असे. सोडून दिलेला हा फरक म्हणजे अध्यापकांनी संस्थेस दिलेली देणगीच होती. ती जमाखर्चात दिसत नसे. पण दात्याकडे हात पसरणाऱ्याच्या शब्दाला वजन येत असे ते तिच्यामुळे.

या पद्धतीतूनच संस्थेतील मोठा वाद उद्भवला. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा आणि बाहेरून प्राप्ती करू नये, असा टिळकांचा आग्रह होता. प्रपंच चालवण्यासाठी, तसेच सार्वजनिक कार्यासाठी सदस्याला काही मोकळीक असावी, असे आगरकर, गोखले आदींचे मत होते. गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारण्याच्या प्रश्नावरून मतभेद विकोपाला गेले आणि डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. टिळक गणित शिकवीत असत. ती जागा १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी घेतली.

शैक्षणिक कामगिरी

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे हे संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते होत. १८९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आगरकर प्राचार्य झाले. जून १८९५ मध्ये तेही निवर्तले आणि महादेव शिवराम गोळे यांनी प्राचार्यपदाची धुरा घेतली.

महाविद्यालयाचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये केंब्रिज येथे गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर हा सर्वोच्च मान मिळवला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. अधिक वेतनाच्या जागा मिळण्याजोग्या असूनही ते आजीव सदस्य म्हणून परत आले आणि १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्राचार्य झाले. त्याच वर्षी गोखले आपली सेवा पूर्ण करून निवृत्त झाले. संस्थेने घडवलेल्या विद्यार्थ्याने संस्थेचेच व्रत घेतल्यामुळे पहिल्या पिढीचे काम दुसऱ्या पिढीच्या हाती सुरक्षित गेले.

प्रभाव

अल्प वेतन आणि दीर्घ सेवेचे वचन हा नमुना पुढे महाराष्ट्रातील अनेक संस्थांत दिसतो. गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात सदस्यांना साधेपणाची व सेवेची शपथ घ्यावी लागे. कर्वे यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ काढला. रयत शिक्षण संस्थेतही आजीव सदस्यांची परंपरा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने स्वतः सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) आणि पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (१९४३) स्थापन करून कार्याचा विस्तार केला.