निजामी न्यायालय आणि मराठी पक्षकार

शेताचा बांध, भावांची वाटणी, सावकाराचे देणे यांवरून खेड्यात तंटे उद्भवतात. निजामी मराठवाड्यात ते मुन्सफापुढे जात. वरचे अपील हैदराबादेस, मुसी नदीकाठच्या उच्च न्यायालयात. १९२१ च्या सुमारास निजामाने न्यायखाते महसुली अंमलदारांपासून निराळे केले. ही सुधारणा मोठीच होती. परंतु १८८४ पासून फार्सीच्या जागी राजभाषा झाली ती उर्दू. दावा, वकील, हुकूमनामा हे शब्द मराठीत केव्हाच मुरलेले होते. निकालातील कारणे मात्र उर्दू न शिकलेल्या शेतकऱ्याला वकिलाच्या मुखातूनच समजत. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. न्यायाधीश निःपक्षपाती असला, तरी आपण का हरलो हे स्वभाषेत कळल्यावाचून पक्षकाराचे समाधान होत नाही.