पुरवठा साखळी व्यवस्थापनातील सामाजिक जाळे विश्लेषण

पुरवठा साखळी व्यवस्थापनातील सामाजिक जाळे विश्लेषण ही कच्चा माल पुरवणारे, उत्पादक, वाहतूकदार, गोदामे व विक्रेते यांच्यातील परस्परसंबंधांचा जाळ्याच्या स्वरूपात अभ्यास करण्याची पद्धत आहे. 'साखळी' या शब्दातून एकामागून एक जोडलेल्या कड्यांचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात एकच पुरवठादार अनेक उत्पादकांना माल देतो, तर एका उत्पादकाचे पुरवठादार परस्परांशीही व्यवहार करतात. ही गुंतागुंत समजून घेण्यासाठी समाजशास्त्रात विकसित झालेली ही पद्धत उपयोगी पडते.

== पार्श्वभूमी ==
व्यक्तींमधील संबंध आकृतीच्या रूपाने मांडण्याची पद्धत जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात रूढ केली. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दूरच्या ओळखींतून नवी माहिती कशी मिळते, हे दाखवले. लिंटन फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्यवर्तितेच्या मापनांची सुसूत्र मांडणी केली. स्टीफन बोर्गाट्टी व शुन ली यांच्या २००९ मधील लेखाने या संकल्पनांचा पुरवठा साखळीशी असलेला संबंध स्पष्ट केला.

== संकल्पना व मापने ==
जाळ्यात प्रत्येक कंपनी हा एक बिंदू, तर दोन कंपन्यांमधील संबंध हा दुवा मानला जातो. दुवा मालाच्या वाहतुकीचा, कराराचा किंवा माहितीच्या देवाणघेवाणीचा असू शकतो. प्रमुख मापने पुढीलप्रमाणे आहेत :

* '''थेट संबंधांची संख्या''' – एखाद्या कंपनीचा किती कंपन्यांशी थेट व्यवहार आहे, हे यावरून कळते.
* '''निकटता''' – जाळ्यातील इतर सर्व बिंदूंपर्यंत ती कंपनी किती कमी टप्प्यांत पोहोचते, हे यावरून समजते.
* '''मध्यस्थता''' – इतर बिंदूंना जोडणारे सर्वांत जवळचे मार्ग तिच्यातून कितपत जातात, हे यात मोजले जाते. असा बिंदू बंद पडल्यास जाळ्याचे भाग एकमेकांपासून तुटू शकतात.

युसून किम, थॉमस चोई व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन मोटारींच्या अंतर्गत भागाच्या पुरवठा जाळ्यांचा अभ्यास केला. त्यात मालाचा प्रवाह व करार यांची जाळी स्वतंत्रपणे तपासण्यात आली. एकच कंपनी एका जाळ्यात महत्त्वाची, तर दुसऱ्यात दुय्यम असू शकते. म्हणून हा भेद आवश्यक ठरतो.

== उदाहरण : आयसिन कारखान्यातील आग ==
१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या मोटारींना ब्रेकचा दाब नियंत्रित करणारी छोटी झडप लागत असे आणि या झडपांचा जवळजवळ संपूर्ण पुरवठा याच कंपनीकडून होत असे. मालाचा साठा अत्यल्प ठेवण्याच्या पद्धतीमुळे टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन काही दिवसांतच थांबले. तथापि सुमारे २०० कंपन्या मदतीस आल्या. झडपा बनवण्याचा पूर्वानुभव नसलेल्या कंपन्यांनीही त्या तयार केल्या आणि उत्पादन अल्पावधीत पूर्वपदावर आले. एका बिंदूवरील अवलंबनामुळे संकट ओढवले, तर कंपन्यांमधील दाट, विश्वासाच्या संबंधांमुळे ते निवारले गेले.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर रेनेसास कंपनीचा नाका येथील कारखाना बंद पडला, तेव्हा अनेक वाहन उत्पादकांना इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा भासला. पुरवठादारांचे पुरवठादार कोण, याची नोंद ठेवण्याची गरज या घटनेने अधोरेखित केली.

== मर्यादा ==
दुसऱ्या-तिसऱ्या फळीतील पुरवठादारांची माहिती कंपन्या सहसा उघड करत नाहीत. त्यामुळे जाळे अपुरे राहते. संबंध सतत बदलत असल्याने एका वेळचे चित्र लवकर जुने होते. शिवाय दुव्यांची संख्या म्हणजे महत्त्व नव्हे : मोजकेच व्यवहार असलेला, परंतु पर्याय नसलेला पुरवठादार या मापनांत नजरेआड राहू शकतो. म्हणून मापनांबरोबरच वस्तूचे स्वरूप, साठा व पर्यायी पुरवठ्यास लागणारा वेळ यांचाही विचार करावा लागतो.